राजकीय वादात ऑनलाइन उतरताना : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

समाजमाध्यमांवरच्या राजकीय चर्चेत नव्याने येणारी माणसे बहुधा दोनपैकी एक समज घेऊन येतात. काहींना वाटते की संविधानाने अभिव्यक्ती स्वातंत्र्य दिले आहे, तेव्हा वाटेल ते लिहायला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. काहींना वाटते की सरकारविरुद्ध एक ओळ लिहिली तरी पोलीस दारात उभे राहतील, म्हणून गप्प बसलेले बरे. दोन्ही समज चुकीचे आहेत. मराठी ग्रुपांमध्ये अनेक वर्षे वाद घालताना आणि काही ठिकाणी अॅडमिन म्हणून ते मिटवताना मी सतत हेच पाहत आलो आहे की, या गैरसमजांपायी वाचणारी, विचार करणारी माणसे चर्चेतून अंग काढून घेतात आणि मागे फक्त आरडाओरडा करणारे उरतात. तसे होऊ नये, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. यातील कायद्याची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष तक्रार किंवा नोटीस आली तर वकिलाचाच सल्ला घ्यावा.

आधी हाताशी काय असावे

फार काही लागत नाही, पण जे लागते ते वाद पेटल्यावर शोधत बसू नये.

• भारतीय संविधानाची मराठी प्रत. निदान अनुच्छेद १९ पूर्ण वाचलेला असावा.
• भारतीय न्याय संहिता, २०२३. ही १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कलम १९६, २९९, ३५३ आणि ३५६ यांवर खूण करून ठेवा. जुन्या प्रकरणांच्या बातम्यांत भारतीय दंड संहितेचे क्रमांक येतात (१५३अ, २९५अ, ५०५, ४९९), तेही ओळखीचे असू द्या.
• महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय जिथे प्रसिद्ध होतात ते संकेतस्थळ, केंद्राचे ई-राजपत्र, संसदेतील प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ आणि निवडणूक आयोगाचे उमेदवारांच्या शपथपत्रांचे पान. या चारही ठिकाणांच्या लिंक फोनमध्ये जतन करून ठेवा.
• छायाचित्रावरून मूळ छायाचित्र शोधण्याची सोय, उदाहरणार्थ गूगल लेन्स.
• स्वतःच्या पोस्ट, त्यांचे पुरावे आणि तारखा ठेवण्यासाठी वेगळा फोल्डर.

१. वाद कशाबद्दल आहे ते आधी ठरवा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच टप्पा सगळे गाळतात. कोणत्याही सार्वजनिक वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला, जे म्हटले गेले ते खरे आहे का. दुसरा, ते म्हणण्याचा कायदेशीर हक्क आहे का. तिसरा, ते म्हणणे योग्य, शोभणारे होते का. तिन्हींची उत्तरे स्वतंत्रपणे द्यावी लागतात, कारण एखादे विधान खोटे असूनही गुन्हा नसू शकते, खरे असूनही अकारण क्रूर असू शकते, आणि कायद्यात बसणारे असूनही बोलणाऱ्याच्या पदाला न शोभणारे असू शकते.

समजा, एखाद्या विनोदवीराने एका नेत्यावर जहरी टीका केली आणि ग्रुपवर वाद सुरू झाला. एक सदस्य लिहितो, “हे फार खालच्या पातळीचे होते.” दुसरा उसळून म्हणतो, “म्हणजे तुम्ही अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या विरोधात आहात!” पहिल्याने तिसऱ्या प्रश्नाबद्दल मत दिले होते आणि दुसऱ्याने त्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले. पुढचे शंभर संदेश या एका घोटाळ्यावर खर्च होतात आणि नेत्यावर केलेला आरोप मुळात खरा होता का, हा पहिला प्रश्न कुणी विचारतच नाही.

यावर एक साधी सवय लावून घ्या. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहा आणि विचारा : “हा कार्यक्रम बंद पाडावा असे तुमचे म्हणणे आहे, की तो वाईट होता एवढेच?” अर्ध्याहून अधिक भांडणे या एका प्रश्नाने शांत होताना मी पाहिली आहेत, कारण बंदीची मागणी समोरच्याने केलेलीच नसते.

चौथा, किरकोळ पण वारंवार येणारा प्रश्न म्हणजे ग्रुपचे किंवा त्या माध्यमाचे स्वतःचे नियम. अॅडमिनने तुमची पोस्ट काढली तर “माझा घटनात्मक हक्क हिरावला” असे लगेच म्हणू नका. मूलभूत हक्कांची मुख्य ढाल शासनाच्या हस्तक्षेपाविरुद्ध आहे. काही हक्क खासगी व्यक्ती व संस्थांविरुद्धही बजावता येतील असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये बहुमताने म्हटले आहे हे खरे. पण गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर राजकीय पोस्ट नकोत असे अॅडमिनने ठरवले, तर ती सेन्सॉरशिप नव्हे.

२. अनुच्छेद १९ मुळातून वाचा

अनुच्छेद १९(१)(अ) नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि १९(२) त्यावर ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा शासनाला देतो. निर्बंधांची कारणे मोजकी आहेत : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्यास चिथावणी. यादी एवढीच. ‘कुणाला वाईट वाटले’ किंवा ‘नेत्याचा अपमान झाला’ हे कारण त्यात नाही, आणि यादीबाहेरच्या कारणासाठी बंदीची मागणी करणाऱ्याला “यांपैकी कोणत्या कारणाखाली?” असे शांतपणे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

ही यादी पहिल्या दिवसापासून अशी नव्हती. १९५० मध्ये ‘क्रॉसरोड्स’ या नियतकालिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने रमेश थापर खटल्यात रद्द केली, कारण ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण तेव्हा मजकुरात नव्हते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते घातले, परंतु त्याच दुरुस्तीने निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत ही अटही आली. पहिल्या दुरुस्तीवरून आजही कडाक्याचे वाद होतात; त्यांत भाग घ्यायचा असेल तर हे दोन्ही बदल एकत्र सांगा, फक्त आपल्या बाजूचा नको.

महाराष्ट्रातल्या वाचकाने तीन प्रकरणे माहीत करून घ्यावीत. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्दबातल ठरवले आणि चर्चा, पुरस्कार व चिथावणी यांत स्पष्ट रेघ ओढली. चर्चा करणे आणि एखाद्या मताचा, मग ते कितीही नावडते असो, पुरस्कार करणे हा हक्काचा गाभा आहे. चिथावणीपर्यंत मजल गेली तरच कायदा हस्तक्षेप करू शकतो. म्हणून कुणी ‘६६अ खाली आत टाकू’ अशी धमकी दिली, तर ते कलम आता अस्तित्वात नाही हे लक्षात ठेवा.

दुसरे प्रकरण कोल्हापूरचे. तेथील महाविद्यालयाच्या एका प्राध्यापकाने व्हॉट्सअॅप स्टेटसवर अनुच्छेद ३७० हटवल्याचा निषेध केला आणि पाकिस्तानला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या, म्हणून गुन्हा नोंदवला गेला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि शासनाच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क असल्याचे सांगितले. तिसरी गोष्ट निकषाची आहे. शब्दांचा परिणाम दुबळ्या, सगळीकडे धोका पाहणाऱ्या मनावरून नव्हे, तर समंजस आणि खंबीर माणसावर काय होईल यावरून मोजावा, हा निकष स्वातंत्र्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी मांडला होता. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने तोच पुन्हा उचलून धरला.

एक इशारा मात्र द्यायला हवा. वरच्या न्यायालयात सुटका होणे आणि मुळात त्रासच न होणे यांत फार अंतर आहे. कोल्हापूरच्या प्रकरणात गुन्हा २०२२ मधला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने आधी दिलासा नाकारला होता. हक्क आहे म्हणून शब्दांबाबत बेफिकीर राहू नका.

३. कोणती वाक्ये अडचणीत आणतात ते ओळखा

राजकीय टीका ज्या कलमांच्या कक्षेत वारंवार ओढली जाते ती चार आहेत. कलम १९६ धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात अशा आधारांवर गटांमध्ये शत्रुत्व वाढवण्याबद्दल आहे. कलम २९९ जाणूनबुजून व दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. कलम ३५३ अफवा व खोट्या माहितीतून भीती किंवा वैर पसरवण्याबद्दल आहे. कलम ३५६ अब्रुनुकसानीचे आहे. याशिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला तिच्या जातीवरून सार्वजनिकरीत्या अपमानित करणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. स्त्री सहभागींना दिल्या जाणाऱ्या लैंगिक स्वरूपाच्या धमक्या ही तर टीका नव्हेच; तिथे ‘अभिव्यक्ती’ हा शब्दसुद्धा वापरू नये असे माझे ठाम मत आहे.

नवखा माणूस सहसा अब्रुनुकसानीत अडकतो, म्हणून ती थोडी खोलात पाहू. “अमुक आमदाराने रस्त्याच्या कामात पैसे खाल्ले” हे वाक्य एका ठरावीक व्यक्तीवर गुन्ह्याचा आरोप करते आणि तो सिद्ध करण्याची पाळी तुमच्यावर येऊ शकते. त्याऐवजी असे लिहा : “या रस्त्याच्या खर्चावर लेखापरीक्षण अहवालात आक्षेप नोंदवले आहेत. अहवालाचे पान सोबत देत आहे. स्थानिक आमदारांनी यावर खुलासा करावा.” दुसऱ्या वाक्यात धार कमी झालेली नाही, उलट वाढली आहे, कारण आता उत्तर देण्याची जबाबदारी समोरच्यावर आली. कलम ३५६ ला अपवाद आहेत : सार्वजनिक हितासाठी केलेले सत्य विधान, आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनाबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेले मत. ‘खरे आहे’ एवढे पुरत नाही, ते लोकहिताचेही असावे लागते. म्हणूनच नेत्यांच्या कौटुंबिक आयुष्याला हात न लावणे हे सभ्यतेचे आहे तसे शहाणपणाचेही आहे.

फॉरवर्ड करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, हा मुद्दा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखा आहे. ‘आला तसा पाठवला’ हा बचाव मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका माजी आमदाराच्या प्रकरणात मान्य केला नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही. अॅडमिनची स्थिती वेगळी आहे. सदस्याच्या पोस्टसाठी केवळ अॅडमिन म्हणून कुणाला आरोपी करता येत नाही, त्यासाठी समान हेतू दिसावा लागतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरीही धमकीची पोस्ट दिसताच काढणे हे अॅडमिनचे काम आहेच.

शासकीय सेवेत असाल तर तुमच्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांचेही बंधन आहे. खासगी नोकरीत असाल तर नियुक्तीच्या अटी पाहा.

४. पुरावा स्वतः तपासा

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. तशा संदेशांना राजकीय म्हणता येणार नाही, पण न तपासता पुढे ढकलण्याची सवय तीच असते. व्हॉट्सअॅपवर दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण दिसली की तो संदेश किमान पाच हातांतून आला आहे, असे समजा आणि तिथेच थांबा.

शासन निर्णयाचे छायाचित्र आले तर पहिल्या पानाऐवजी शेवटचे पान मागा. खऱ्या निर्णयाच्या अखेरीस, तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केला असल्याचा उल्लेख असतो, एक लांबलचक संकेतांक दिलेला असतो आणि डिजिटल स्वाक्षरी असते. संकेतांकाची सुरुवात साधारणपणे वर्ष, महिना आणि दिवस यांनी होते. वरची तारीख आणि संकेतांकातली तारीख पूर्णपणे विसंगत असेल तर शंका घ्या, आणि तो संकेतांक संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उघडा. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते करणारा माणूस ग्रुपमध्ये बहुधा एकटाच असतो.

एवढ्यावरही भागत नाही. तो निर्णय आज लागू आहे का, हेही पाहावे लागते. २०२५ मधील त्रिभाषा सूत्राचा वाद आठवा. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य तिसरी भाषा केली. १७ जूनच्या निर्णयाने ती सर्वसाधारणपणे तिसरी भाषा असेल असे म्हटले आणि वर्गातील किमान २० विद्यार्थ्यांनी मागणी केल्यास अन्य भाषेचा पर्याय ठेवला. २९ जून रोजी दोन्ही निर्णय रद्द झाल्याची घोषणा होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या काळात एक जण एप्रिलचा कागद दाखवून ‘सक्ती आहे’ म्हणत होता आणि दुसरा जूनचा कागद दाखवून ‘सक्ती नाहीच’ म्हणत होता, आणि दोघेही समोरच्याला खोटारडा ठरवत होते. कागद दोघांचेही खरे होते, फक्त तारीख कुणी वाचत नव्हते. विधेयकांबाबतही तेच घडते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक २०२४ मध्ये मांडले गेले तेव्हाचा मजकूर आणि संयुक्त समितीकडून येऊन जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात मंजूर झालेला मजकूर एक नाही. टीका करायची असो वा समर्थन, मंजूर झालेला मजकूर हातात घेऊनच करा.

भाषणाची क्लिप आली तर पूर्ण भाषण शोधा, आणि क्लिपच्या आधीचे व नंतरचे दोन मिनिट ऐका. वाक्य मध्येच कापून अर्थ उलटवणे ही सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत यशस्वी युक्ती आहे. नेत्यांची मालमत्ता, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे यांबद्दल बोलताना उमेदवारी अर्जासोबतचे नमुना २६ मधील शपथपत्र वापरा. तिथे ‘गुन्हा प्रलंबित’ आणि ‘दोषी ठरला’ हे रकाने वेगळे असतात. त्यांची गल्लत म्हणजे अब्रुनुकसानीला आमंत्रण.

माहिती कुठेच नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत साधारणपणे ३० दिवस. महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. उत्तर येईपर्यंत वाद शिळा होईल हे खरे, पण तो विषय पुन्हा निघतोच, आणि तेव्हा अधिकृत उत्तर तुमच्याकडे असेल.

५. उत्तर लिहा

एका पोस्टमध्ये एकच दावा, त्याखाली पुरावा, आणि कशामुळे तुमचे मत बदलेल ते. माणसाबद्दल लिहू नका, त्याच्या वाक्याबद्दल लिहा. ‘तेव्हा कुठे होतात?’ या प्रश्नात गुंतू नका; “तेव्हाचे चूक होते, आता आजच्या निर्णयाबद्दल बोलू” एवढे म्हणून मूळ मुद्द्यावर या. मतभेद असलेल्या वडीलधाऱ्यांना ग्रुपवर सर्वांदेखत खोडून काढण्याऐवजी मूळ कागद त्यांना खासगीत पाठवा. बहुतेक जण तो वाचतात, आणि काही जण स्वतःहून दुरुस्ती टाकतात.

६. केव्हा थांबायचे ते आधीच ठरवा

तोच मुद्दा दोनदा पुराव्यासह मांडूनही समोरचा विषय बदलत असेल तर “माझे म्हणणे मांडून झाले आहे” असे लिहून थांबा. वाचणारे बरेच असतात, लिहिणारे थोडे. तुमचा पुरावा न बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचलेला असतो. रात्री उशिरा, किंवा दंगल, हल्ला, निकाल अशा बातमीच्या पहिल्या काही तासांत काहीही लिहू नका, कारण त्या वेळची माहिती जवळजवळ नेहमीच अपुरी असते.

७. धमकी, बदनामी किंवा नोटीस आल्यास

मजकूर तुमच्याविरुद्ध असेल तर प्रथम त्या माध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार असा अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते. धमकी, खोटे खाते किंवा छायाचित्रांचा गैरवापर असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा.

कुणी “अब्रुनुकसानीचा एफआयआर करतो” असे म्हटले तर घाबरून जाऊ नका. तो अदखलपात्र गुन्हा असल्याने त्यासाठी तक्रारदाराला सहसा दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. पोलिसांनी फोनवरून बोलावले तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. अटकेची गरज नसलेल्या प्रकरणांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कारवाईची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देण्याची तरतूद आहे. नोटीस मिळाल्यावर मात्र टाळाटाळ करू नका. तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांत, एफआयआर नोंदवण्यापूर्वी याच संहितेच्या कलम १७३(३) खाली १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि अभिव्यक्तीशी संबंधित प्रकरणांत पोलिसांनी ही मुभा वापरणे योग्य ठरेल असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या त्याच कवितेच्या प्रकरणात म्हटले आहे. तुमच्या वकिलाला याची आठवण करून द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

वकिलाकडे जाताना सोबत न्यायची कागदपत्रे :

• वादग्रस्त पोस्टचा पूर्ण स्क्रीनशॉट, ज्यात खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसते
• पोस्टची लिंक आणि तिच्या आधीचे-नंतरचे संदेश, म्हणजे संदर्भ तुटणार नाही
• तुम्ही ज्या पुराव्यावर विसंबून लिहिले त्याची प्रत
• मिळालेली नोटीस, तिच्या लिफाफ्यासह
• ओळखपत्र

नोटीस आल्यावर पोस्ट घाईघाईने काढू नका, कारण त्याचा अर्थ पुरावा नष्ट करणे असा लावला जाऊ शकतो. काढायची की नाही ते वकिलाला विचारून ठरवा. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे ज्या फोनवरून ती पोस्ट टाकली किंवा वाचली तो प्रकरण संपेपर्यंत विकू नका, बदलून घेऊ नका आणि फॉरमॅटही करू नका.